डेंग्यूनंतर केस विरळ होतायत, खाण्यात नक्की काय बदलू?

रानजाई:
पावसाळ्यात डेंग्यू झाला होता, त्यातून नीट बरी झाले आणि आता दिवाळीच्या तोंडावर केस गळायला लागलेत. न्हाऊन झालं की मोरीच्या जाळीत झुपका, उशीवर केस, परवा तर कणकेत निघाला. रबरबँडला आधी दोन वेढे पुरायचे आता चार घालावे लागतात. वय ३४, शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. हिमोग्लोबिन १२.२ आलं म्हणून डॉक्टर म्हणाले ठीक आहे. सासूबाई म्हणतात हळीव खा, मैत्रीण म्हणते बायोटिन या बी व्हिटॅमिनच्या गोळ्या सुरू कर, इन्स्टावर बघावं तर कांद्याचा रस. औषधांना माझा विरोध नाही पण आधी खाण्यातून जे होण्यासारखं आहे ते मनापासून करायचंय. कुठून सुरुवात करू?

लॅबवाली_ताई:
आधी घाबरू नकोस गं. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन असं काही झालं की बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. म्हणजे आत्ता गळतायत ते पावसाळ्यातल्या तापाचे. मुळं शाबूत असतात त्यामुळे बहुतेकींचे सहा महिन्यांत सावरतात, पण शरीरात माल कमी असेल तर हे लांबतं.

आणि इथेच हिमोग्लोबिनवर थांबू नकोस. फेरिटिन कर, म्हणजे लोहाचा साठा कळेल. हिमोग्लोबिन बरं आणि फेरिटिन तळाला असे रिपोर्ट बायकांचे आमच्याकडे कायम येतात. (तापात फेरिटिन उगाच वाढलेलं दिसतं म्हणून आजारपणातला जुना रिपोर्ट धरू नको.) सोबत टीएसएच (थायरॉइडची टेस्ट), बी१२, व्हिटॅमिन डी. शाकाहारी आहेस तर बी१२ करच कर, ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दुधा-दह्यातून थोडंफार मिळतं.

बायोटिनची कमतरता सहसा कुणाला नसते. शिवाय जास्त डोस चालू असताना थायरॉइडची टेस्ट चुकीची येऊ शकते, अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्येच सावध केलं होतं. घेत असशील तर लॅबमध्ये आधी सांग.

कृष्णाकाठ:
सासूबाईंचं ऐक, हळीव चांगलेच. फक्त भिजवताना नारळाचं पाणी घे, दोन-तीन तासांत बुळबुळीत फुगतात, मग खवलेलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, गोळा कढईपासून सुटायला लागला की वेलची-जायफळ घालून लाडू वळायचे. थंडी सुरूच होतेय. दिवस गेले असतील तर मात्र खाऊ नये असं आमच्याकडे मानतात.

पण एका लाडवाने भागणार नाही, खरी गोची प्रोटीनची असते. ५५ किलो वजन असेल तर रोज साधारण ४५ ग्रॅम लागतं आणि वरणाची वाटी, तीही पातळ, त्यातून ते होत नाही. मटकी-चवळीची दाट उसळ, भाकरीबरोबर पिठलं, दही, पनीर, शेंगदाणे, सोयाबीनच्या वड्या असं दोन्ही वेळच्या जेवणात काहीतरी हवंच. कारळ्याची नाहीतर जवसाची चटणी ताटात असू दे. उसळीवर लिंबू पिळ, त्याने लोह जास्त शोषलं जातं, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद, तासाभराचं अंतर ठेव. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा टाकतात ना, तिथेच बरंचसं लोह वाया जातं.

शेगावकर:
एक कळकळीने सांगतो, सप्लिमेंट अंदाजाने घेऊ नका. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२४ संपता संपता आणि जानेवारी २०२५ मध्ये लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं, बायका-पोरं सगळ्यांना. विंचूदंशावरच्या कामामुळे माहीत असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणी करून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम (शरीराला अगदी थोडंसं लागणारं खनिज) जास्त आहे आणि रुग्णांच्या रक्तातही. पुढे बऱ्याच जणांना केस परत यायला लागले पण तोवर लोकांचे जे हाल झाले ते आम्ही पाहिलेत. हेच सेलेनियम केसांच्या महागड्या गोळ्यांत असतं, आणि ब्राझील नट एक खाल्ला तरी दिवसाची गरज भागते. व्हिटॅमिन ए चंही तसंच, अति झालं की केस गळतात.

रानजाई:
चहाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, जेवण झालं की कप हातात असतोच. उद्या उपाशीपोटी जाऊन टेस्ट करते. आणि तेलाचं काय? आई माका-जास्वंदाचं तेल कढवून पाठवते.

लॅबवाली_ताई:
या टेस्टना उपाशी राहायची तशी गरज नसते, पण सकाळी लवकर जा. आईचं तेल लाव की. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रोटीन कमी निघून जातं त्यामुळे केस तुटायचे कमी होतात, मुळातून नवे उगवायचं काम मात्र आहाराचं. रोझमेरी तेलावर २०१५ चा इराणमधला एक अभ्यास आहे, १०० पुरुषांवर, सहा महिन्यांनी २ टक्के मिनॉक्सिडिलइतकाच (केस उगवायला टाळूवर लावायचं औषध) फरक दिसला, पण ते अनुवंशिक टकलासाठी होतं, तुझं प्रकरण वेगळं. कांद्याचा रस चाई पडते त्यावर तपासला गेलाय, तुला त्याची गरज नाही आणि टाळू चुरचुरते ती वेगळी.

एक मात्र रोज आरशात बघ, गळती सगळीकडून सारखी आहे की भांगच रुंद होतोय. भांग रुंद होत असेल, गोल चट्टा दिसला किंवा सहा महिन्यांनी गळती थांबली नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, तिथे घरच्या उपायांत वेळ घालवू नको. लोहाची गोळी लागलीच तर डॉक्टरांनी सांगितलेलीच घे, लिंबूपाण्याबरोबर, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको. केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतात, त्यामुळे कपाळापाशी आखूड उभे केस दिसायला लागले की समज नवीन यायला लागलेत. रिपोर्ट आले की इथे टाक, बघू आपण.