मदत हवी आहे: डोळ्यात अमीबा, लेन्सच्या डबीत स्यूडोमोनास नावाचा जिवाणू. नजरेवर कितपत परिणाम होईल?

नमस्कार. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. वय २६, सहा वर्षांपासून कॉन्टॅक्ट लेन्स लावतो. सात आठवड्यांपूर्वी डावा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. जिथे पहिल्यांदा दाखवलं तिथे हर्पिस म्हणून औषध सुरू केलं, नंतर स्टेरॉइडचे ड्रॉप्स दिले. चार दिवस लाली कमी झाली, आम्ही निर्धास्त झालो. मग ठणका असा वाढला की तो रात्रभर अंधारात डोळ्यावर ओला रुमाल धरून बसायचा. डोळा बघितला तर फार काही दिसायचं नाही, पण दुखणं मात्र त्याच्या कितीतरी पट.

चौथ्या आठवड्यात कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) तज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी कॉर्निया खरवडून नमुना घेतला आणि लेन्सची डबीही मागून घेतली. रिपोर्टमध्ये कॉर्नियात अकॅन्थअमीबा (अमीबाचा एक प्रकार) आहे, डबीत अकॅन्थअमीबा आणि स्यूडोमोनास दोन्ही. आता पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडीन या अमीबा मारणाऱ्या औषधांचे ड्रॉप्स चालू आहेत, तीन आठवडे झाले. सध्या त्या डोळ्याने समोर धरलेली बोटं मोजता येतात, एवढंच.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या जिवाणूमुळे त्याची नजर जास्त बिघडेल का? आणि मी वाचलं की नदीकाठच्या अंधत्वात कृमींच्या पोटातल्या जिवाणूंवर अँटिबायोटिक देतात आणि फायदा होतो. मग इथेही तेच मागावं का? डॉक्टरांसमोर मोजकी मिनिटं मिळतात, काय विचारायचं ते ठरवून जायचं आहे.
— धाकट्याची_ताई

प्रतिसाद: सूक्ष्मदर्शी
ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करते. तुमच्या रिपोर्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणता जीव कुठे सापडला. जिवाणू तीन ठिकाणी असू शकतो आणि तिन्हींचा अर्थ निराळा.

एक, डबीत. अमीबा जिवाणू खाऊन जगतो. डबीच्या तळाशी जो बुळबुळीत थर बसतो ते त्याचं कुरण. आम्ही अमीबा वाढवतो तेसुद्धा असंच: ज्यात पोषक काहीच नाही अशा आगरच्या प्लेटवर ई. कोलायचा पातळ थर पसरायचा आणि त्यावर नमुना ठेवायचा. एकदोन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली त्या थरात वळणावळणाच्या वाटा दिसतात, गवतातून गुरं चरत गेल्यासारख्या. त्या वाटेच्या टोकाला अमीबा सापडतो. म्हणजे डबीतला स्यूडोमोनास हे अमीबा तिथे पोसला गेल्याचं कारण असू शकतं. पण तो डोळ्यात आहे असं त्यावरून ठरत नाही.

दोन, कॉर्नियात अमीबाच्या जोडीने. याला आम्ही मिश्र संसर्ग म्हणतो. स्यूडोमोनास स्वतःच कॉर्निया झपाट्याने विरघळवतो, त्यामुळे हा नजरेला खरा धोका. तुमच्या रिपोर्टमध्ये कॉर्नियाच्या रकान्यात जिवाणूंची वाढ नाही ना, तेवढं नीट बघा. आधी अँटिबायोटिक ड्रॉप्स चालू असतील तर कल्चर (नमुन्यातले जीव लॅबमध्ये वाढवून बघण्याची तपासणी) कोरं येऊ शकतं, हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तीन, खुद्द अमीबाच्या पोटात. खाल्लेले काही जिवाणू पचत नाहीत, आतच बिऱ्हाड करतात. डोळ्यांतून मिळालेल्या अमीबांच्या एका तपासणीत अर्ध्याहून जास्त नमुन्यांत असे भाडेकरू सापडले होते: स्यूडोमोनास, लिजिओनेला, मायकोबॅक्टेरिया, क्लॅमिडियाच्या जातकुळीतले. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर सोडल्यावर असे अमीबा जास्त नासधूस करतात असंही दिसलं आहे. पण बशीतल्या पेशी म्हणजे माणसाचा डोळा नव्हे. साध्या कल्चरमध्ये हे भाडेकरू दिसतही नाहीत, त्यासाठी पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी लागते.

प्रतिसाद: पारदर्शक
मी नेत्रविभागात कॉर्नियाचे पेशंट बघतो. तुमच्या भावाला तपासलेलं नसल्यामुळे त्याच्यापुरतं नेमकं मत देणार नाही, पण आम्ही विचार कसा करतो ते सांगतो.

आधी कृमींबद्दल, कारण प्रश्न चांगला आहे. नदीकाठच्या अंधत्वाला कारण असलेल्या ऑन्कोसर्का कृमीच्या आत वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो. २००२ मध्ये उंदरांवर झालेल्या कामात दिसलं की कॉर्नियातली सूज आणि धूसरपणा यांत या जिवाणूचा मोठा वाटा आहे. कृमीची पिल्लं मरतात, वोल्बाकिया बाहेर पडतो आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. त्या धुमश्चक्रीत कॉर्निया गढुळतो. शिवाय या जिवाणूशिवाय मादी कृमीला पिल्लंच होत नाहीत, म्हणून चार ते सहा आठवडे डॉक्सिसायक्लीन दिलं की तिची वीण थांबते. तिथे जिवाणू मारणं म्हणजे परजीवीच्या मुळावर घाव.

अकॅन्थअमीबाचं तसं नाही. पोटातला जिवाणू गेला तरी तो मजेत जगतो. वर संकट दिसलं की दुहेरी भिंतीचा सिस्ट, म्हणजे टणक कवच करून आत दडून बसतो आणि नेहमीची अँटिबायोटिक्स त्या भिंतीपुढे थिटी पडतात. म्हणून पीएचएमबी आणि क्लोरहेक्सिडीन, तेही कित्येक महिने. अँटिबायोटिक मागायचं ते कॉर्नियात जिवाणू सापडला तरच.

नजर शेवटी किती राहते हे ज्या गोष्टींवर ठरतं त्यात पोटातला जिवाणू मी बराच खाली ठेवीन. पहिल्यांदा बघतो ते निदान किती उशिरा झालं. तीन आठवड्यांच्या आत नेमकं औषध सुरू झालेले डोळे बरेच चांगले सावरतात. मग निदानाआधी स्टेरॉइड पडलं होतं का, आणि संसर्ग वरच्या थरात आहे की खोलवर, कॉर्नियात गोल कडं धरलं आहे का. पहिल्या दोन बाबतींत तुमचा भाऊ मागे पडला आहे, हे लपवत नाही. पण आज बोटं मोजतो ही त्याची कायमची नजर समजू नका. यात सूज आहे, ओबडधोबड झालेला पृष्ठभाग आहे. डोळा शांत झाल्यावर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खास कडक लेन्सने बऱ्याच जणांची नजर चांगली सुधारते. कॉर्निया बदलायची वेळ आलीच तर तीही शांत डोळ्यावर केलेली जास्त टिकते, म्हणून घाई नसते.

आणखी एक. मेलेल्या सिस्टची टरफलं कॉर्नियात राहतात आणि त्यांच्यामुळेही डोळा अधूनमधून लाल होतो. प्रत्येक लाली म्हणजे अमीबा परतला असं नाही. पण ते ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. स्वतःहून ड्रॉप्स कमी-जास्त करू नका, उरलेल्या स्टेरॉइडच्या बाटलीला तर हातही लावू नका.

प्रतिसाद: उजेडाकडे
ताई, मी यातून गेले आहे. अकरा महिने औषध चाललं. पहिले दोन दिवस रात्रंदिवस दर तासाला ड्रॉप्स होते, नवऱ्याने वहीत वेळा लिहून खुणा केल्या म्हणून निभावलं. मला तिसऱ्या महिन्यात वाटलं होतं की डोळा गेला. आज कडक लेन्स लावून पुस्तक वाचते. भावाला दुखतं तेव्हा ‘सहन कर’ म्हणू नका. डॉक्टरांकडे वेदनेचं औषध वेगळं मागा, मिळतं. मी ते विचारलंच नव्हतं आणि उगाच सोसत बसले.

धाकट्याची_ताई
तिघांचे मनापासून आभार. आज दाखवून आलो. कॉर्नियाच्या रकान्यात जिवाणूंची वाढ नाही, पण पहिल्या ठिकाणी अँटिबायोटिक ड्रॉप्स दिले होते हे मी सांगितल्यावर डॉक्टरांनी पुन्हा नमुना घेतला. ही गोष्ट आम्ही आधी बोललोच नव्हतो. अमीबाच्या पोटातल्या जिवाणूंचं पीसीआर करून उपचार बदलणार नाही, म्हणून ते नको म्हणाले. दुखण्यासाठी गोळी दिली आहे. उजव्या डोळ्याची लेन्सही त्याच डबीत असायची, म्हणून तोही डोळा तपासला, सध्या स्वच्छ आहे. नव्या नमुन्याचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन.