मदत हवी आहे: सीएनआयवाल्यांना ऑर्डिनरिएटमध्ये घेतात का?

नमस्कार मंडळी. मी पुण्याची, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये वाढलेली. सासर वसईचं, पक्कं कॅथलिक. सध्या आम्ही लंडनला. रविवारी नवरा मिस्सेला, मी माझ्या चर्चला, आणि लेक दारात उभी: आज कुणाबरोबर?

परवा सोहोत वॉरिक स्ट्रीटवरच्या ऑर्डिनरिएटच्या चर्चमध्ये गेलो. ऑर्डिनरिएट म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) लोकांना आपल्या प्रार्थनांसह कॅथलिक होता यावं म्हणून कॅथलिक चर्चमध्येच केलेली वेगळी व्यवस्था. मिस्सा कॅथलिकच, पण कम्युनियनआधी गुडघे टेकून तीच प्रार्थना, मेजाखालचा चुरा वेचायचीही आमची लायकी नाही म्हणणारी. आजीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकातली! माझे ओठ आपोआप हलायला लागले.

२००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ही वाट काढली, २०११ मध्ये इंग्लंडात ऑर्डिनरिएट सुरू झालं, २०१५ पासून त्यांचं वेगळं मिस्सापुस्तकही आहे, इतकं वाचलंय. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागत नाही, दृढीकरण (कन्फर्मेशन) मात्र होतं.

अडलंय ते इथे. सीएनआय म्हणजे १९७० मध्ये एकत्र आलेल्या सहा मंडळ्या, त्यात अँग्लिकन फक्त एक. मग ते मला अँग्लिकन धरतील, की साध्या कॅथलिक पॅरिशमधूनच (स्थानिक चर्चमधूनच) जा म्हणतील? आपल्यापैकी कुणी हे केलंय का? आणि आईला कसं सांगितलंत, तेही लिहा. माझ्या आईला अजून यातलं काहीच माहीत नाही.