लॅपटॉपसोबत आलेली विंडोज पुन्हा टाकली तर लायसन्स जातं का?

कोथरूडकर: भाचीच्या लॅपटॉपमधे विंडोज ११ होम आधीपासूनच होती, आता एसएसडी (डेटा साठवायची डिस्क) बदलून सगळं नव्याने टाकायचंय पण खाली स्टिकरवर की (लायसन्सचा कोड) दिसत नाही आणि बुधवार पेठेतला एक दुकानवाला म्हणतो नवीन लायसन्स घ्यावंच लागेल. खरंय का?

पेठेतला: अजिबात पैसे देऊ नका!! विंडोज ८ पासून ही की मदरबोर्डच्या (लॅपटॉपच्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) फर्मवेअरमधेच, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमधेच असते, इन्स्टॉलर ती आपोआप वाचतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवणारा प्रोग्रॅम) घ्या, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, की विचारलीच तर 'माझ्याकडे की नाही' वर क्लिक करून पुढे जा. फक्त होम होती तर होमच टाका, प्रो टाकलीत तर त्या कीवर अॅक्टिव्हेट होणार नाही, नेमकं इथेच लोक अडकतात आणि दुकानदाराचं फावतं.

हडपसरवाली: जुनी एसएसडी काढायच्या आधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-लॉकची) रिकव्हरी की लिहून ठेवा हो, नाहीतर नंतर तिच्यातले फोटो-प्रोजेक्ट काहीच उघडणार नाही. वायफायचा ड्रायव्हरही (वायफाय चालवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर घ्या.

कोथरूडकर: आणि उद्या मदरबोर्डच गेला तर?

पेठेतला: मग अवघड आहे, हे लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. वॉरंटीत असेल तर कंपनीकडूनच बदलून घ्या.