शब्दचर्चा : ‘प्लेफुल’ आणि ‘जनरेटिव्ह’ कलेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका प्रदर्शनाचं माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. दालनात जमिनीवर आणि भिंतींवर प्रकाशाची चित्रं पडतात. माणूस चालला, वाकला, हात पसरला की ती बदलतात. ती आधी काढून ठेवलेली नाहीत, संगणक त्या त्या क्षणी घडवतो. मूळ मजकुरात ‘प्लेफुल’, ‘फिजिकल’ आणि ‘जनरेटिव्ह’ अशी तीन विशेषणं आहेत. कोशात ‘खेळकर’, ‘शारीरिक’, ‘उत्पादक’ मिळाले, पण तिन्ही एका ओळीत ठेवले की दालनात काय घडतं ते कळतच नाही.

प्रतिसाद

‘उत्पादक’ नको, तो कारखान्याकडे नेतो. ‘सर्जनशील’ही नको, कारण तो गुण सगळ्याच कलेचा. इथे कलावंत चित्र काढत नाही. चित्र कसं निघेल याचे नियम ठरवतो आणि पुढचं त्या नियमांवर सोडतो.

जर्मन संगणक-कलावंत गेऑर्ग नेस यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्टला संगणकाने रेखलेल्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं. १९६९ च्या त्यांच्या प्रबंधाच्या नावातच ‘जनरेटिव्ह’ आहे. त्यांचं ‘शॉटर’ हे चित्र पाहा : वरच्या ओळींत चौकोन शिस्तीत उभे आहेत आणि खाली उतरता उतरता ते कलंडत, विखुरत जातात. कुठला चौकोन किती कलंडेल हे नेस यांनी ठरवलं नाही, ओळीगणिक ढिलाई किती वाढवायची तेवढं ठरवलं. म्हणून मी ‘नियमजन्य’ सुचवेन. ‘संसर्गजन्य’ चालतो तर हाही चालावा.

प्रतिसाद

‘नियमजन्य’ अचूक आहे, पण पत्रकात एकटा ठेवू नका. ‘जनरेटिव्ह’ म्हटलं की आज बहुतेकांना एआयला वाक्य देऊन मिळालेलं चित्र आठवतं. ‘संगणक नियमांनुसार हे चित्र तुमच्यासमोर घडवतो’ असं एक वाक्य जोडीला हवंच.

प्रतिसाद

मला जास्त आस्था पहिल्या विशेषणाची आहे. ‘खेळकर’ हा माणसाचा स्वभाव. मूल खेळकर असतं, दालन नव्हे. पण आपल्याकडे ‘खेळता’ आहे आणि तो फार मोलाचा शब्द आहे. खेळती हवा, खेळतं भांडवल, शेतात पाणी खेळवणं : या सगळ्यांत काहीतरी अडून न राहता आत-बाहेर फिरत असतं. या कलेत नेमकं तेच होतं. माणसाची हालचाल कॅमेऱ्यातून आत जाते, चित्र होऊन बाहेर येते आणि ते चित्र पाहून माणूस पुन्हा हलतो. ‘खेळती कला’ म्हटलं की खेळही आला आणि हा फेराही आला.

अशा कलेला ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात, पण त्याचा ‘परस्परसंवादी’ हा प्रतिशब्द मला कधीच पटला नाही. संवादात कुणीतरी बोलतं. इथे बोलण्याआधीच पाय उचललेला असतो.

कलावंत स्कॉट स्निबी यांची १९९८ ची ‘बाउंडरी फंक्शन्स’ ही कलाकृती घ्या. एकटाच माणूस उभा असेल तर जमीन कोरी. दुसरा आला की दोघांच्या बरोबर मधोमध प्रकाशाची रेघ उमटते. आणखी माणसं आली की जमिनीचे तितके भाग पडतात आणि कुणीही सरकलं की शेजाऱ्यांच्या सीमा सरकतात. नियम केवढा, तर जमिनीचा प्रत्येक बिंदू सर्वांत जवळच्या माणसाचा. एवढ्यावर माणसं एकमेकांना ढकलू, चुकवू, घेरू लागतात. हा खेळ कुणी शिकवावा लागत नाही.

प्रतिसाद

मग ‘खेळती’ आणि ‘नियमजन्य’ हे वेगळे गुण आहेत, हे पत्रकात दिसू द्या. नेस यांचं चित्र नियमजन्य आहे, खेळतं नाही. उलट कलावंत डॅनियल रोझिन यांचा १९९९ चा लाकडी आरसा : ८३० लाकडी तुकडे मोटारींवर कलतात आणि समोरच्याची आकृती उमटते. तो पुरेपूर खेळता आहे, पण नियमजन्य म्हणायला मी कचरेन. आपण दिलं तेच तो परत करतो, स्वतःची भर घालत नाही. तुमच्या दालनात दोन्ही आहे, म्हणून दोन्ही शब्द ठेवा.

प्रश्नकर्तीचं उत्तर

‘खेळती नियमजन्य कला’ घेते आहे, सोबत ते खुलाशाचं वाक्यही. ‘फिजिकल’चं काय करू? ‘भौतिक’ म्हटलं की प्रयोगशाळा आठवते, ‘शारीरिक’ म्हटलं की शिक्षा किंवा कसरत.

प्रतिसाद

विशेषण सोडा, क्रियापदं वापरा : ‘चाला, वाका, हात पसरा’. आणि ‘प्रेक्षक’ मात्र काढा. त्यात फक्त पाहणं आहे. ‘सहभागी’ सभेच्या वृत्तांतातला वाटतो. ‘खेळगडी’ लिहा.

प्रतिसाद

‘खेळगडी’ला माझी हरकत आहे. ‘गडी’ म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो आणि दालनात आजीही असेल, नातही. पत्रक थेट ‘तुम्ही’ला उद्देशून लिहा : ‘तुम्ही हलाल तसं चित्र हलेल’. मग नाम शोधावंच लागणार नाही.