हस्की एकटा राहत नाही, सोबतीला दुसरा कुत्रा आणावा का?

कॅलगरीकर:
सायबेरियन हस्की, नर, 14 महिने, 24 किलो, नसबंदी झालेली. आठवड्यातले चार दिवस तो सात तास एकटा असतो. आम्ही निघालो की रडतो असं शेजारी सांगतात, दाराची चौकटही कुरतडलीय. दुसरा आणायचा तर नर की मादी? मॅलम्यूट (हस्कीसारखाच दिसणारा, पण मोठा कुत्रा) चालेल का? जाणकारांनी सांगावं.

रानवाट:
कुत्रा नंतर, आधी कॅमेरा. जुना फोन दाराकडे तोंड करून ठेवलात तरी पुरे. तुम्ही गेल्यावरची पहिली 30 मिनिटं नीट बघा. लगेच धापा, लाळ, फक्त दारालाच नखं, आवडता खाऊ तसाच पडलेला, असं दिसलं तर त्याला माणूस हवाय. ती भीती दुसऱ्या कुत्र्याने सहसा जात नाही. तास-दोन तास झोपून मग सोफा फाडत असेल तर तो कंटाळा. तिथे सोबत आणि पळणं दोन्ही कामी येतं. चौकटीवरून मला पहिला प्रकार वाटतोय.

तसं असेल तर बाहेर जायचा सराव करून घ्या. बूट घालायचे, किल्ल्या उचलायच्या, पण जायचं नाही. मग 5 सेकंद दाराबाहेर, मग 30, मग 2 मिनिटं. दर वेळी वाढवू नका. 2 मिनिटांनंतर परत 40 सेकंद. तो अस्वस्थ व्हायच्या आत परत यायचं. आणि हा सराव चालू असेपर्यंत त्याला सात तास एकटं ठेवू नका, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात. त्या चार दिवसांसाठी डे-केअर किंवा घरी येणारं माणूस बघा.

उत्तरध्रुव:
रानवाट यांना +१. हस्की मूळचा चुकची लोकांचा, ईशान्य सायबेरियातला. अलास्कात नोम या गावी आला 1908-09च्या सुमारास. एकाच दोरीला, खांद्याला खांदा लावून बर्फावरची गाडी ओढत पळणारा कुत्रा, त्यामुळे दुसऱ्या कुत्र्याशी याचं बहुधा जमतं. मॅलम्यूट वेगळा. तो जड ओझ्याचा, नर 38 किलोच्या आसपास, आणि नर-नर जोडीत भांडणं बरीच होतात. आणायचीच तर मादी, नसबंदी झालेली, दोन वर्षांपुढची. पिल्लू अजिबात नको, याचंच शिक्षण अजून अर्धवट आहे.

पहिली भेट घरात घडवू नका. मोकळ्या जागी, दोन माणसं, दोन दोऱ्या, मध्ये 4-5 मीटर अंतर, एकाच दिशेने 20 मिनिटं चालायचं. दोऱ्या सैल हव्यात. ताणलेल्या दोरीने कुत्रा आणखी बिथरतो. अंग सैल, शेपट्या मोकळ्या दिसल्या की अंतर कमी करा. घरात पहिले काही आठवडे जेवण वेगळ्या खोल्यांत, हाडं-खेळणी उचलून ठेवलेली.

पळवायचं तर ओढायचा हार्नेस (छाती-पाठीवरून जाणारा पट्टा) घ्या, गळपट्ट्याला दोरी नको. जोराची ओढ 18 महिन्यांनंतरच, तोवर हाडं वाढत असतात. उन्हाळ्यात पहाटेच.

कॅलगरीकर:
मनापासून आभार. आज कॅमेरा लावतो. तोवर क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) ठेवला तर?

रानवाट:
नको! घाबरलेला हस्की गज चावतो, सुळे तुटतात, नखं उपटतात. छोटी खोली द्या, खिडकीपाशी बसायला जागा ठेवा. चार आठवड्यांत फरक दिसला नाही तर वर्तनातल्या जाणकार पशुवैद्यांना ते चित्रण दाखवा. काही कुत्र्यांना सरावाच्या जोडीला औषध लागतं.