ऊर्जा आणि पर्यावरण कायद्यातली पहिली वर्षे : आपापले अनुभव लिहावेत

विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाला असलेली माझी भाची विचारत होती, की वीज आणि पर्यावरण या विषयांत वकिली करायची असेल तर आधी नेमके काय शिकलेले असावे लागते. मी फौजदारी बाजूचा वकील असल्याने मला धड उत्तर देता आले नाही. सनद मिळून फार तर सहा-सात वर्षे झालेल्यांनी कृपया लिहावे, की वकिलीत येण्याआधी आपण काय करत होता आणि त्यातले कामाला काय आले. पगाराचे आकडे नकोत, कामाचे सांगावे.

पुणे, सनदेचे पाचवे वर्ष

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी कायद्याकडे वळले. पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच असल्यामुळे शहर सोडावे लागले नाही. लवादापुढे न्यायिक सदस्यांबरोबर तज्ज्ञ सदस्यही बसतात. सांडपाण्याचा नमुना नाल्याच्या तोंडाशी घेतला की नदीत मिसळल्यानंतर, असा प्रश्न तिथे सहज येतो, आणि त्याचे उत्तर देता येते म्हणून मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होते.

पहिल्याच वर्षी एका खाणीला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध दाद मागण्यासाठी दोन शेतकरी आमच्याकडे आले. 2010 च्या हरित लवाद कायद्याच्या कलम 16 नुसार अपिलाला 30 दिवस मिळतात, सबळ कारण दाखवल्यास आणखी 60, आणि त्यापलीकडचा विलंब माफ करणे लवादाच्याही हातात नाही. हे कलम मला पाठ होते. तरीही मंजुरी जाहीर होऊन किती दिवस झाले ते न मोजता मी जनसुनावणीच्या इतिवृत्तातील विसंगती शोधण्यात आठवडा घालवला, आणि सीनियरांनी कागद हातात घेताच तारीख विचारली तेव्हा नव्वदावा दिवस आदल्याच दिवशी उलटलेला होता. शेतकऱ्यांना ते मीच सांगितले. ते रागावले नाहीत, “ताई, मग आता काय करायचं?” एवढेच म्हणाले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटींच्या उल्लंघनाबद्दल आम्ही कलम 14 खाली वेगळा अर्ज केला, कारण तिथे मुदत सहा महिन्यांची असते. मंजुरी मात्र जशीच्या तशी राहिली. आता कोणीही फाईल घेऊन आले, की मी आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहते.

मुंबई, तिसरे वर्ष

विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन चार वर्षे एका कारखान्यात देखभाल विभागात होतो, नंतर तीन वर्षांचा एलएल.बी. केला. आमच्या कार्यालयाची बहुतेक कामे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगापुढची असतात. माझे पहिले प्रकरण कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठी उभारलेल्या, वीज प्रकल्पाचे होते. 2005 च्या वीज नियमांनुसार वापरकर्त्यांची प्रकल्पात किमान 26 टक्के मालकी असावी लागते आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरावी लागते. यांतले एक जरी हुकले, तरी त्या वर्षापुरता कॅप्टिव्ह दर्जा जातो आणि क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार भरून काढण्यासाठीचा आकार, मानगुटीवर बसतो. कायद्याचा मुद्दा दीड पानाचा होता, पण मीटरच्या दर 15 मिनिटांच्या नोंदी वर्षाला 35,040 भरतात, आणि भागधारक दोनदा बदललेले होते. ते एक्सेल मी एका रात्रीत लावून दिले. लिहिणे मात्र अजून जमत नाही. माझ्या मसुद्यातला “अंदाजे” हा शब्द सीनियर प्रत्येक वेळी तांबड्या शाईने खोडतात.

नाशिक, चौथे वर्ष

माझे वडील तलाठी होते, आणि हीच माझी पात्रता समजावी. धुळ्याकडच्या पवनचक्क्यांच्या आणि सौर प्रकल्पांच्या जमिनींची छाननी करताना सातबारा आणि जुने फेरफार वाचावे लागतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आलेल्या माझ्या सहकाऱ्यांना इतर हक्कांच्या रकान्यातले अक्षर लागत नाही, आणि नेमकी त्याच रकान्यात बहिणीच्या हिश्शाची किंवा सोसायटीच्या बोजाची नोंद बसलेली असते.

दिल्ली, सहावे वर्ष

मी मूळचा सोलापूरचा. शाळेची सहल नान्नजच्या अभयारण्यात जात असे, पण माळढोक पक्षी मला कधीच दिसला नाही. तो भेटला दिल्लीत, कागदावर. राजस्थान आणि गुजरातमधील त्याच्या अधिवासातल्या वीजवाहिन्या शक्य तिथे जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये दिला. तेव्हा मी नुकताच एका कार्यालयात रुजू झालो होतो, आणि हा आदेश वीजखरेदी करारातल्या “कायद्यातील बदल” या कलमात बसतो का, म्हणजे वाढीव खर्च शेवटी कोणाच्या माथी जाईल, हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने ते सरसकट बंधन शिथिल करून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला, आणि हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क राज्यघटनेच्या कलम 14 आणि 21 मध्ये असल्याचे म्हटले. कार्यालयाच्या पाटीवर “ऊर्जा व पर्यावरण” असे जोडून लिहिणे सोपे असते. त्या प्रकरणात पक्षी एका बाजूला होता आणि सौरऊर्जा दुसऱ्या. आमचे अशील सौर कंपन्या होत्या. घरी आई विचारायची, की तू पाखराच्या बाजूने आहेस ना, आणि मी विषय बदलायचो.

नागपूर, दुसरे वर्ष

माझी पदवी मराठी साहित्यातली. त्यामुळे एका औष्णिक प्रकल्पाच्या विस्ताराच्या पर्यावरण अहवालाचा सारांश मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले. 2006 च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी तो स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. शब्दांवर मी फार मेहनत घेतली. सुनावणीच्या दिवशी मागच्या रांगेतल्या एक आजी सारांशाची प्रत हातात धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “समदं वाचून घेतलं पोरीकडून. पावसाळ्यात राखेचा बंधारा भरला की पाणी कोणत्या नाल्यात जाते, ते यात कुठं हाय?” पीठावरच्या अधिकाऱ्यांनी प्रकल्पाच्या माणसांकडे पाहिले आणि त्यांनी माझ्याकडे. मी घरी येऊन इंग्रजी अहवाल पुन्हा चाळला. तिथेही ते नव्हते.