वडाच्या पाराचं कोटेशन

जोशी काकू, बी ३०४: पाराच्या फरशीला १९६ चौरस फूट लावलेत. पार गोल आहे आपला, मग चौदा गुणिले चौदा कुठून आलं?? कमिटी वाचते तरी का?

सेक्रेटरी: काकू, नम्रपणे सांगतो, अजून पास केलेलं नाही. मधे एवढा वड, आरपार टेप जाणार कशी, म्हणून कंत्राटदाराने बाहेरून अंदाजे व्यास धरला.

देशपांडे काका: कोटेशनवर सही कोणाची?

अमेय, ए १०२: व्यास लागतच नाही. मी आणि वॉचमन मामांनी आत्ता कडेने टेप फिरवली, परीघ ४४ फूट. त्याला दोन पायने भागा, म्हणजे ४४ गुणिले ७ भागिले ४४, त्रिज्या ७ फूट. मग क्षेत्रफळ २२/७ गुणिले ४९ = १५४. सरळ ४२ फूट जास्त लावलेत

शिंदे सर, सी २०१: २२/७ नको, ३.१४ घे.

अमेय, ए १०२: सर त्याने ७.००६ येतं, दोन मिलिमीटरचाही फरक नाही

जोशी काकू, बी ३०४: लीलावतीत भास्कराचार्यांनी ३९२७/१२५० सूक्ष्म म्हणून दिलंय आणि २२/७ व्यवहारासाठी. फरशी हा व्यवहारच आहे सर.

ए ४०१: एवढं मोजताय तर माझ्या पार्किंगमध्ये घुसलेली गाडी पण मोजा 😀

सी १०३: नाव घेऊन बोला ना.

सेक्रेटरी: कृपया विषयांतर नको 🙏

देशपांडे काका: सही कोणाची ते सांगा.

मोरे वहिनी, बी १०१: गोलाईला कटिंगमध्ये फरशी वाया जाते हो, त्याचीही बाजू बघा.

जोशी काकू, बी ३०४: मग वेस्टेज १० टक्के वेगळं लिहू दे की. आणि खोड कोण वजा करणार? खोडाचा घेर ११ फूट, म्हणजे त्रिज्या पावणेदोन, भोवती फूटभर माती मोकळी सोडायलाच हवी नाहीतर मुळांना पाणी मिळणार नाही, तर पावणेतीनच्या त्रिज्येने जवळजवळ २४ चौरस फूट गेले. उरले १३०. वेस्टेज धरून १४३.

शिंदे सर, सी २०१: टेप सैल धरली असेल तर?

अमेय, ए १०२: परिघात सहा इंच चुकले तरी त्रिज्या जेमतेम एक इंच चुकते सर

देशपांडे काका: सही?

सेक्रेटरी: काका, माझी. मिळाल्याची सही आहे, मंजुरीची नाही. उद्या सकाळी कंत्राटदारासमोर परत मोजू. स्टीलची टेप खोडाला नीट बसत नाही, कोणाकडे शिवणाची कापडी टेप असेल तर आणा.

मोरे वहिनी, बी १०१: माझ्याकडे आहे, पण पाच फुटीच आहे, खोडाला तीनदा लावावी लागेल.